नदीची पातळी आणि घराचा उंबरा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात एक लहानशी चौकट येऊ लागते. तीत नदीची पाणीपातळी, इशारा पातळी, धोका पातळी आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला, म्हणजे सेकंदाला किती घनफूट याचा, आकडा दिलेला असतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ आणि ४३ फूट, हे आकडे त्या भागांत न राहणाऱ्या अनेक वाचकांनाही आता पाठ झाले आहेत. मात्र "तुमच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागायचे असेल तर नदीची पातळी मोजण्याच्या पट्टीवर किती फूट व्हावे लागतील?" असा प्रश्न नदीकाठच्या घरमालकांना विचारला, तर ज्यांच्या घरात पाणी येऊन गेले आहे तेच बहुधा उत्तर देतात, बाकीचे धोका पातळीचा आकडा सांगून थांबतात. पुराची जोखीम किती आणि घराचा विमा कसा घ्यावा, या दोन्ही गोष्टी त्या एका उत्तरावर उभ्या असतात, आणि ते उत्तर पाणी येण्याआधी काढता येते, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

माझे सारे आयुष्य बांधकामाच्या मोजमापांत गेले. तरीही स्वतःच्या घराबाबत हा हिशेब मी केला नव्हता, हे आधीच कबूल करतो. घर घेताना विकणाऱ्या गृहस्थांनी "चौदा वर्षांत इथे एकदाही पाणी आलेले नाही" असे सांगितले होते आणि ते खरेच सांगत होते. चौदा वर्षे हा नदीच्या हिशेबात फार थोडा काळ आहे, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते. काही वर्षांनी ज्या रात्री पाणी आले, त्या रात्री आम्ही सारे पुढच्या दारात उभे राहून रस्त्याकडे पाहत होतो, कारण नदी त्या बाजूला, अर्ध्या किलोमीटरवर होती. रस्ता कोरडा होता. पाणी आले ते मागच्या मोरीच्या जाळीतून, काळपट, बुडबुडे काढत. नदी फुगल्यामुळे घरामागच्या नाल्याचे पाणी तिच्यात उतरेना, नाल्याला फुगवटा आला आणि त्या फुगवट्याने सांडपाण्याच्या नळांतून उलटी वाट धरली. पहाटेपर्यंत दिवाणखान्यात दोन फूट चार इंच पाणी होते. पुढच्या पायरीला रस्त्यावरचे पाणी लागले ते मोरीतले पाणी घरात शिरल्यानंतर.

या प्रसंगातून मला जो धडा मिळाला तो असा, की "पूर" या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळे प्रकार येतात आणि प्रत्येकाची घरात शिरण्याची वाट वेगळी असते. नदी पात्राबाहेर पडून येते, तेव्हा सहसा काही तासांची, मोठ्या नद्यांवर कधी एक-दोन दिवसांची सूचना मिळते. पाऊस पडल्या जागीच साचतो आणि गटारे तो वाहून नेऊ शकत नाहीत, तेव्हा तासाभराचीही सवड मिळत नाही आणि नदी कुठे आहे याला काही अर्थ उरत नाही. किनाऱ्यालगत भरतीचे पाणी नाल्यांची तोंडे रोखून धरते. माझ्या घरी पहिल्या प्रकारामुळे दुसऱ्यासारखी अवस्था झाली. आपल्या घराला यांपैकी कोणता धोका आहे हे ठाऊक नसेल, तर पुढच्या दारात रचलेल्या वाळूच्या पोत्यांचा काही उपयोग होत नाही.

जोखीम किती स्थानिक असते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मुंबईचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी, त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम ७४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराची सरासरी काढून कोणी घरमालक आपली जोखीम ठरवू पाहील, तर ती सरासरी दोन्ही ठिकाणी खोटी ठरेल. आणि पाऊस सर्वत्र सारखा पडला तरी दोन शेजारच्या घरांच्या जोत्यांत फूटभर फरक असू शकतो. एकाच्या घरात त्या रात्री लोक जमिनीवर झोपतात आणि दुसऱ्याच्या घरात फ्रिज तरंगतो, हे फूटभर फरकाने घडते.

आता त्या प्रसिद्ध "शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या" पुराविषयी. या शब्दप्रयोगाने जेवढा गैरसमज पसरवला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या तांत्रिक शब्दाने पसरवला असेल. नुकताच असा पूर येऊन गेला, म्हणजे आता नातवंडांपर्यंत काळजी नाही, असे सुशिक्षित माणसेही म्हणताना मी ऐकली आहेत. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की तेवढी पातळी गाठली जाण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का आहे. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. दर वर्षीचा एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण गृहकर्ज वीस वर्षांचे असते, आणि वीस वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. तीस वर्षांचा मुक्काम धरला तर ती २६ टक्क्यांवर जाते. "पंचवीस वर्षांतून एकदा" येणाऱ्या पुराची वार्षिक शक्यता चार टक्के असते, आणि वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, म्हणजे नाणेफेकीत छाप पडण्यापेक्षाही थोडी जास्त असते. हा हिशेब शाळेतल्या गणिताने कोणालाही पडताळता येईल. घरखरेदीच्या वेळी हप्ता किती बसतो याचे तक्ते आपण रात्ररात्र तपासतो. हा दोन ओळींचा तक्ता मात्र कोणी समोर ठेवत नाही.

महाराष्ट्रात नद्यांच्या पूररेषा याच शक्यतांवर आखलेल्या आहेत. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या व लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. रेषा आखली जाणे चांगलेच आहे. तक्रार आहे ती रेषा वाचण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल. "आमचा प्लॉट लाल रेषेच्या बाहेर आहे" हे वाक्य आपण "आमच्याकडे पाणी येत नाही" या अर्थाने वापरतो. वस्तुतः लाल रेषा म्हणजे एका विशिष्ट अंदाजित पुराचे पाणी जिथे संपते ती कड. त्याहून मोठा पूर आला तर पाणी ती कड ओलांडणार, आणि रेषेच्या आत जसजसे जावे तसतसे पाणी अधिक खोल आणि अधिक वारंवार येणार. रेषेपासून दहा मीटर आतल्या आणि दोनशे मीटर आतल्या घराची जोखीम नकाशावर एकाच रंगात दिसत असली, तरी ती सारखी नसते. शिवाय रेषा आखण्यासाठी हाताशी असतात त्या काही दशकांच्या नोंदी. त्यानंतर वरच्या अंगाला जमिनी काँक्रीटखाली गेल्या, नाले अरुंद झाले, पूल झाले, भराव पडले, तर नदी जुन्या रेषेशी बांधील राहत नाही. आणि नदीच्या पूररेषेत पडल्या जागी तुंबणाऱ्या पाण्याचा हिशेब धरलेला नसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पावसाने अमेरिकेतले ह्यूस्टन शहर बुडाले, तेव्हा पाण्यात गेलेल्या घरांपैकी फार मोठ्या संख्येची घरे तिथल्या अधिकृत पूरनकाशातील धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती.  नकाशा पाहून माणूस निश्चिंत होतो, ही खरी अडचण आहे.

मागच्या पुराची खूण हीच कमाल मानण्याची चूकही अशीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, म्हणजे २००५ च्या पातळीपेक्षाही काही फूट अधिक. २००५ ची खूण प्रमाण मानून ज्यांनी पलंग, कपाटे आणि धान्याच्या कोठ्यांची उंची ठरवली असेल, त्यांचा हिशेब त्या आठवड्यात चुकला.

मग घरमालकाने करायचे काय? मी जे केले ते सांगतो, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. गवंडी दोन ठिकाणांची पातळी जुळवायला पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी वापरतात, ती आणली. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये एवढीच काळजी घ्यायची. दोन्ही टोकांतले पाणी आपोआप एकाच पातळीला येते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका जुन्या भिंतीवर मागच्या पुराची खूण रंगवलेली आहे आणि त्या दिवशी नदीच्या पट्टीवर किती फूट पाणी होते हे वृत्तपत्राच्या जुन्या अंकात सापडले. त्या खुणेपासून टप्प्याटप्प्याने नळी धरत, प्रत्येक टप्प्यावर खडूने रेघ मारत, माझ्या मुलाने आणि मी अर्ध्या सकाळीत घराच्या उंबऱ्यापर्यंत पातळी आणली. उंबरा त्या खुणेच्या एक फूट नऊ इंच खाली निघाला. आता वृत्तपत्रातल्या चौकटीतला आकडा माझ्याशी बोलतो: पट्टीवर अमुक फूट झाले की मोरीच्या जाळीवर फळी आणि वजन ठेवायचे, त्यावर दोन फूट चढले की वीज बंद करून निघायचे. यात एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुराचे पाणी तलावासारखे सपाट नसते. नदीच्या उतारानुसार त्याच्या पृष्ठभागालाही उतार असतो. म्हणून खूण घराच्या जवळची आणि नदीच्या त्याच काठावरची हवी. चार किलोमीटर वरच्या पुलावरची खूण घेऊन उपयोग नाही. मोबाइलमध्ये दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची तर या कामी विसरावी. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपला प्रश्न इंचांचा आहे.

इंचांचा म्हणतो याला कारण आहे. पहिल्या फूटभर पाण्यात होणारे नुकसान हे पुढच्या प्रत्येक फुटापेक्षा बहुधा जास्त असते. फ्रिजचा कॉम्प्रेसर तळाशी असतो, धुण्याच्या यंत्राची मोटर खाली असते, भिंतीतले प्लगचे सॉकेट अनेक घरांत जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेले असतात, आणि प्लायवुडचे कपाट खालून सहा इंच भिजले तरी रात्रीत फुगून सबंध कपाट निकामी होते. साधे सागवानी कपाट वाळवून पुन्हा वापरता येते, प्लायवुडचे येत नाही; आमच्या घरातले आईचे जुने कपाट आजही आहे आणि नवीन सगळे गेले. उंबऱ्याची पातळी कळली की सॉकेट वर घेणे, सांडपाण्याच्या नळावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवणे, इन्व्हर्टरची बॅटरी माळ्याखालच्या फळीवर हलवणे, अशी लहान कामे कोणत्या क्रमाने करायची हेही कळते.

आता विम्याकडे येतो. माझ्याकडे विमा होता. गृहकर्जाबरोबरच तो गळ्यात पडला होता आणि देणाऱ्याने "सगळे कव्हर आहे" असे तोंडी सांगितले होते. पाणी ओसरल्यावर कागद बाहेर काढला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. विमा रक्कम घराच्या बांधकाम खर्चाइतकी नव्हती, कर्जाच्या रकमेइतकी होती. विमा फक्त बांधकामाचा होता, घरातल्या सामानाचा नव्हता. आणि दाव्याची रक्कम आधी कर्ज देणाऱ्या बँकेच्या हक्काची होती. माझ्या भिंती उभ्या होत्या. गिलावा, दोन दारे आणि विजेची जोडणी एवढेच बांधकामाचे नुकसान होते. गेले होते ते सारे सामान. कंपनीने कागदात लिहिले होते तेवढे दिले, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. ज्याने तोंडी हमी दिली त्याच्यावर राग आहे, आणि त्याहून जास्त स्वतःवर, कारण त्या कागदावर माझी सही होती.

घराचा विमा म्हणजे घराच्या बाजारभावाचा विमा, हा समज सर्वांत आधी सोडला पाहिजे. जमीन वाहून जात नाही. विमा काढायचा तो घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. ही रक्कम कमी लावली तर काय होते, हे अनेकांना दाव्याच्या वेळीच कळते. पुन्हा बांधायला ४० लाख लागणार असतील आणि विमा २० लाखांचा असेल, तर सर्वसाधारण नियमाने आपण अर्ध्या घराचाच विमा काढला असे धरले जाते. मग नुकसान फक्त ४ लाखांचे झाले तरी हाती २ लाख येतात. "माझे नुकसान विमा रकमेपेक्षा किती तरी कमी आहे, मग कापता कशाला?" हा वाद प्रत्येक पुरानंतर ऐकू येतो आणि त्याचे मूळ इथे आहे.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या "भारत गृह रक्षा" या प्रमाणित पॉलिसीने यातले काही काटे काढले आहेत, ही चांगली गोष्ट नोंदवली पाहिजे. विमा नियामकाने तिचा मसुदा सर्व कंपन्यांसाठी एकसारखा ठेवला आहे. पूर आणि पाणी तुंबणे हे तिच्या मूळ संरक्षणातच येते. बांधकामाची विमा रक्कम चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर अशी काढली जाते, कमी विम्याबद्दलची वर सांगितलेली कपात तीत होत नाही, आणि बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण यादी न देताही मिळते. दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी निवाऱ्याच्या भाड्याचीही तीत तरतूद आहे. मात्र दागिने आणि कलावस्तूंसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते, आणि रोकड व वाहन हे घरातले सामान समजले जात नाही. जुन्या अग्निविमा पॉलिसींत वादळ-पुराचा गट वगळून हप्ता कमी करून घेण्याची सोय होती; घराचा किंवा सोसायटीचा विमा अनेक वर्षे त्याच कागदावर नूतनीकरण होत आला असेल, तर तो गट आत आहे की बाहेर हे आज संध्याकाळी पाहावे. "पूर" (इंग्रजी कागदात "Flood") हा शब्द एकच शोधायचा आहे, पण शोधायचा तो माहितीपत्रकात नव्हे, पॉलिसीच्या मूळ कागदात.

सदनिकांत राहणाऱ्यांची एक वेगळी गंमत असते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरमालकाला पुराशी आपला संबंध नाही असे वाटते. पण त्याची लिफ्ट, पाण्याचा पंप, विजेचे मीटर, जनरेटर आणि बऱ्याचदा अग्निशमनाची यंत्रणा तळमजल्यावर किंवा तळघरात असते, आणि ते सारे बदलण्याच्या खर्चात त्याचा वाटा ठरलेला असतो. हे सामाईक भाग सोसायटीच्या विम्यात यायला हवेत. प्रत्येकाने आपापल्या सदनिकेचा विमा काढला आणि इमारतीचा कोणीच काढला नाही, असे प्रकार मी पाहिले आहेत. वार्षिक सभेत वाहनतळाच्या पट्ट्यांवर दोन तास चर्चा होते, त्यातली दहा मिनिटे या विषयाला मिळाली तरी पुरे.

पाणी ओसरल्यानंतरचे दोन दिवस दाव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात आणि नेमके तेव्हाच माणूस चिखल काढण्याच्या घाईत असतो. आमच्या भिंतीवर पाण्याच्या एक नव्हे तर तीन रेघा होत्या: सर्वांत वरची फिकट, मधली ठळक तेलकट, आणि खालची गाळाची. पाणी किती वर चढून किती वेळ टेकले ते या रेघा सांगतात. त्या पुसण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक उपकरणाचा, शक्य तर उपकरणामागच्या क्रमांकाच्या पट्टीसह. कंपनीला लगेच कळवावे आणि नुकसान मोजणारा सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत खराब झालेले सामान फेकू नये. फेकणे भागच असेल, म्हणजे सडलेले धान्य किंवा गाद्या, तर फोटो आणि यादी करून मगच फेकावे. त्याच वेळी नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी विमेदाराचीच असते. खिडक्या उघडून भिंती वाळवणे, भिजलेले कपाट भिंतीपासून ओढून घेणे, हे सर्व्हेयरची वाट पाहत थांबवू नये. खरेदीच्या पावत्या बहुधा पाण्यातच जातात. म्हणून पावसाळ्यापूर्वी मोबाइल हातात धरून घराची एक फेरी मारावी, कपाटे उघडून चित्रीकरण करावे आणि ते घराबाहेरच्या कोणा नातेवाइकाला पाठवून ठेवावे. दावा नाकारला गेला किंवा अवाजवी कापला गेला असे वाटले, तर कंपनीच्या तक्रार विभागानंतर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. वकील लावावा लागत नाही.

विमा घेण्याच्या वेळेबद्दलही एक गोष्ट. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत, थोडे अपवाद सोडले तर, पॉलिसी घेतल्यापासून तीस दिवसांनीच संरक्षण सुरू होते, कारण वादळाची बातमी ऐकून लोक विमा घ्यायला धावतील हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक होते. त्याच देशात घराच्या सर्वसाधारण विम्यातून पूर वगळलेला असतो आणि तो वेगळा घ्यावा लागतो. फ्रान्सने १९८२ मध्ये उलट मार्ग धरला: मालमत्तेच्या विम्यातच नैसर्गिक आपत्तीचे संरक्षण सक्तीने जोडले आणि सरकारने आपत्ती जाहीर केली की ते लागू होते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून "फ्लड री" नावाची व्यवस्था आहे, जी पूरप्रवण घरांच्या विम्याचा भार सर्व विमेदारांवर थोडाथोडा वाटते. मात्र १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना तिचा लाभ मिळत नाही. मला यातला हा शेवटचा नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जुन्या वस्तीतल्या माणसाला आधार द्यावा, पण धोका ठाऊक असूनही आज पूरपट्ट्यात नवी इमारत उभी करणाऱ्याला स्वस्त विम्याचे आमंत्रण देऊ नये. आणि अमेरिकेच्या योजनेने ऑक्टोबर २०२१ पासून हप्ता ठरवताना केवळ नकाशातला पट्टा न पाहता त्या त्या घराची उंची, पाण्यापासूनचे अंतर आणि पुन्हा बांधण्याचा खर्च पाहायला सुरुवात केली. म्हणजे फिरून गोष्ट उंबऱ्यापाशीच आली.

या पार्श्वभूमीवर माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली नगरपालिका, महानगरपालिका आणि जलसंपदा विभागाला. प्रत्येक प्रभागात, पुराचे पाणी जिथवर पोहोचले होते तिथल्या पक्क्या भिंतींवर वर्ष आणि नदीच्या पट्टीवरचे त्या वेळचे फूट लिहिलेल्या कायमच्या खुणा कोराव्यात. रंगवलेल्या खुणा भिंत रंगवताना जातात, आणि कधी कधी घर विकायच्या आधी मुद्दाम घालवल्या जातात. दुसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. पावसाळ्यातल्या त्या चौकटीत पातळीच्या आकड्याशेजारी आणखी एक ओळ द्यावी: या पातळीला कोणत्या वस्त्यांच्या, कोणत्या गल्ल्यांच्या तोंडाशी पाणी येते, आणि आणखी दोन फूट चढले तर कुठवर जाते. नदीकाठच्या जुन्या माणसांना हे गणित तोंडपाठ असते. आपले वार्ताहर एका उन्हाळ्यात ते गोळा करू शकतील. त्या ओळीवर दर पावसाळ्यात आपली खूण ताडून पाहण्यासाठी मी माझ्या दाराच्या चौकटीवर, उंबऱ्यापासून एक फूट नऊ इंचांवर, एक खिळा ठोकून ठेवला आहे.

आपला नम्र,
नदीकाठचा एक घरमालक आणि वाचक